दहा वर्षं तासिकेवर शिकवलं, पण पदोन्नतीत ती मोजलीच जात नाहीत. असं का?

दरवर्षी जून-जुलै उजाडला की वर्तमानपत्रांत आणि कॉलेजांच्या नोटीस बोर्डावर एक ठरलेली जाहिरात दिसू लागते. सहायक प्राध्यापक पाहिजेत, घड्याळी तासिका तत्त्वावर. नेट, सेट किंवा पीएचडी झालेले उमेदवार फाइल घेऊन मुलाखतीला जातात. मागच्या वर्षी त्याच कॉलेजात, त्याच वर्गाला शिकवलेलं असलं तरी यंदा पुन्हा मुलाखत. नेमणूक त्या शैक्षणिक वर्षापुरती. परीक्षा संपल्या की कामही संपतं.

असं करत पाच, आठ, दहा वर्षं निघून जातात. मग एखाद्याचं नशीब उघडतं आणि कायम नोकरी लागते. पेढे वाटून होतात. पुढे काही वर्षांनी पदोन्नतीची वेळ येते, जुन्या अनुभवाची प्रमाणपत्रं जोडली जातात आणि उत्तर येतं: ही सेवा ग्राह्य धरता येणार नाही.

अनेकांना वाटतं की हा कॉलेजचा किंवा एखाद्या कारकुनाचा आडमुठेपणा आहे. तसं नसतं. अडचण नियमातच आहे आणि ती सगळ्यात जास्त एका गोष्टीवर अडते. ती म्हणजे पगार. शिकवण्याचा दर्जा किंवा पदव्या इथे कामी येत नाहीत. हा नियम काय आहे, त्याचा फटका कसा बसतो आणि अशा वेळी थांबावं की वाट बदलावी, हे समजून घेऊ.

नियम काय सांगतो?

देशभरातल्या विद्यापीठांतल्या आणि कॉलेजांतल्या शिक्षकांची भरती आणि पदोन्नती विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, म्हणजे यूजीसीच्या नियमांनुसार होते. सध्याचे नियम १८ जुलै २०१८ रोजी अधिसूचित झाले. महाराष्ट्र सरकारने ८ मार्च २०१९ च्या शासन निर्णयाने सातव्या वेतन आयोगाची वेतनश्रेणी शिक्षकांना लागू केली.

या नियमांतलं दहावं कलम आधीच्या सेवेबद्दल आहे. शिक्षकाने एक नोकरी सोडून दुसरी धरली, तर पहिल्या नोकरीतली वर्षं थेट भरतीसाठी आणि पदोन्नतीसाठी कधी मोजायची, हे त्यात सांगितलं आहे.

नियमित सेवेच्या बाबतीत कलम बऱ्यापैकी उदार आहे. आधीची नोकरी दुसऱ्या विद्यापीठात असो, कॉलेजात असो की सीएसआयआर, आयसीएआर किंवा डीआरडीओसारख्या संस्थेत असो, ती मोजता येते. संस्था सरकारी होती की खासगी, हा भेद करू नये असंही त्यात म्हटलं आहे. अटी अशा की, त्या पदासाठीची पात्रता कमी नसावी, वेतनश्रेणी समकक्ष असावी, निवड ठरलेल्या पद्धतीने झालेली असावी आणि नव्या जागेसाठीचा अर्ज योग्य मार्गाने, म्हणजे आधीच्या संस्थेमार्फत केलेला असावा.

तात्पुरत्या, कंत्राटी, ॲडहॉक किंवा अतिथी शिक्षकांची सेवाही मोजता येते. नियम ती सरसकट नाकारत नाही. फक्त तीन अटी घालतो. पात्रता नियमित पदाइतकीच हवी. निवड रीतसर निवड समितीने केलेली हवी. आणि त्या काळात मिळणारं एकूण मासिक वेतन नियमित सहायक प्राध्यापकाच्या एकूण मासिक वेतनापेक्षा कमी नसावं.

पहिल्या दोन अटी तासिकेवरचे बरेच शिक्षक पूर्ण करतात. तिसरी अट जवळजवळ कुणीच पूर्ण करू शकत नाही.

आकडे काय सांगतात?

नियमित सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन ५७,७०० रुपयांपासून सुरू होतं. त्यावर महागाई भत्ता ५५ टक्के धरला तर आणखी ३१,७३५ रुपये. म्हणजे घरभाडे भत्ता सोडूनच रक्कम ८९,४३५ रुपये होते.

आता दुसरी बाजू पाहा. यूजीसीने जानेवारी २०१९ मध्ये अतिथी शिक्षकांचं मानधन वाढवलं. एका व्याख्यानाला १,५०० रुपये आणि महिन्याला जास्तीत जास्त ५०,००० रुपये. महाराष्ट्रातल्या कॉलेजांत तासिकेचा दर याहूनही कमी आहे. त्यात दिवाळीची सुट्टी, परीक्षेचा काळ, उन्हाळा यांचे पैसे नाहीत, कारण त्या दिवसांत तासिकाच होत नाहीत. मानधन महिनोन्‌महिने थकतं, ही तक्रार तर नेहमीचीच.

गंमत म्हणजे दोन्ही आकडे एकाच आयोगाचे आहेत. यूजीसी एकीकडे म्हणते की अतिथी शिक्षकाला महिन्याला ५०,००० पेक्षा जास्त देऊ नका. दुसरीकडे म्हणते की नियमित शिक्षकाएवढा पगार मिळाला असेल तरच त्याची वर्षं मोजा. नियमित शिक्षकाचं नुसतं मूळ वेतनच या मर्यादेपेक्षा ७,७०० रुपयांनी जास्त आहे. अतिथी शिक्षकाने कितीही व्याख्यानं दिली, तरी ही अट पूर्ण होणं गणितानेच अशक्य आहे.

पण मग कंत्राटी शिक्षकाला कमी पगार देता येतो का?

इथे २०१८ च्या नियमांतलं तेरावं कलम महत्त्वाचं ठरतं. कंत्राटी नेमणूक अगदी गरज असेल तरच करावी, अशा नेमणुका एकूण पदांच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नसाव्यात आणि कंत्राटी शिक्षकाचं ठोक वेतन नियमित सहायक प्राध्यापकाच्या एकूण मासिक वेतनापेक्षा कमी नसावं, असं हे कलम सांगतं.

म्हणजे कागदावर कंत्राटी शिक्षकाला पूर्ण पगार आहे. तो पूर्ण पगार मिळाला असता, तर दहाव्या कलमातली अटही आपोआप पूर्ण झाली असती. पण तासिकेवर नेमलेला शिक्षक 'कंत्राटी' या खान्यात बसवलाच जात नाही. त्याला तासाप्रमाणे मानधन मिळतं. पूर्ण पगार न देण्याचं कारण 'तो पूर्ण वेळ नाही' आणि सेवा न मोजण्याचं कारण 'त्याला पूर्ण पगार नव्हता'. एकाच गोष्टीचा फटका दोनदा बसतो.

याच्या उलट उदाहरण दिल्ली विद्यापीठाचं. तिथेही हजारो शिक्षकांनी वर्षानुवर्षं ॲडहॉक म्हणून काम केलं. नेमणूक एका वेळी १२० दिवसांची. नोकरी पुढे चालू राहील की नाही, याची टांगती तलवार कायम. पण त्यांना पगार सहायक प्राध्यापकाच्या वेतनश्रेणीनुसार मिळत होता. त्यामुळे त्यांची सेवा मोजण्याचा दावा निदान पगाराच्या अटीपाशी अडत नाही. अस्थिरता दोन्हीकडे सारखीच, पण पुणे किंवा नांदेडमधल्या तासिकेच्या शिक्षकाची वर्षं मात्र हिशेबात येत नाहीत.

वर्षं मोजली नाहीत तर नेमकं काय जातं?

शिक्षकांची पदोन्नती 'करिअर ॲडव्हान्समेंट स्कीम' म्हणजे 'कॅस' या योजनेतून होते. यात जागा रिकामी होण्याची वाट पाहावी लागत नाही. ठरावीक वर्षं आणि अटी पूर्ण झाल्या की वरचा स्तर मिळतो. म्हणूनच इथे एकेक वर्षाला किंमत आहे.

पीएचडी असलेल्या शिक्षकासाठी ही शिडी अशी आहे:

- स्तर १० वरून ११ : ४ वर्षं (एमफिल असेल तर ५, दोन्ही नसेल तर ६)
- स्तर ११ वरून १२ : ५ वर्षं
- स्तर १२ वरून १३-अ, म्हणजे सहयोगी प्राध्यापक : ३ वर्षं
- स्तर १३-अ वरून १४, म्हणजे प्राध्यापक : ३ वर्षं

एकूण १५ वर्षं. पहिल्या तीन पायऱ्यांना प्रशिक्षण वर्ग आणि वरच्या पायऱ्यांना संशोधनाच्या अटी आहेत, त्या वेगळ्या. मूळ वेतनाची सुरुवात पाहिली तर स्तर १० ला ५७,७००, स्तर १२ ला ७९,८००, स्तर १३-अ ला १,३१,४०० आणि स्तर १४ ला १,४४,२०० रुपये.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. दोन मैत्रिणी. दोघींची पीएचडी आणि सेट २८ व्या वर्षी पूर्ण. एकीला लगेच कायम नोकरी लागली. दुसरीच्या विषयाची भरतीच निघाली नाही. तिने दहा वर्षं तासिकेवर शिकवलं आणि ३८ व्या वर्षी ती कायम झाली.

पहिली सगळ्या अटी वेळेत पूर्ण करत गेली तर ४० व्या वर्षी सहयोगी प्राध्यापक आणि ४३ व्या वर्षी प्राध्यापक होऊ शकते. दुसरी सहयोगी प्राध्यापक होईल ५० व्या वर्षी आणि प्राध्यापक ५३ व्या वर्षी. तिची दहा वर्षं मोजली गेली असती, तर पहिल्या दोन पायऱ्यांची नऊ वर्षं तिथेच भरली असती.

हे नुकसान मासिक पगारापुरतं राहत नाही. महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ नंतर सेवेत आलेल्यांचं निवृत्तिवेतन मुख्यतः साठलेल्या वर्गणीवर अवलंबून आहे. तासिकेच्या काळात ही वर्गणी जमा होत नाही. म्हणजे उमेदीच्या वर्षांत पगार कमी, मधल्या वर्षांत पदोन्नती उशिरा आणि म्हातारपणासाठीची पुंजीही कमी.

नियमाची दुसरी बाजू काय?

पगाराची अट निव्वळ खोडसाळपणातून आलेली नाही. आठवड्यातून चार तास शिकवायला येणाऱ्या आणि दिवसभर कॉलेजात राबणाऱ्या शिक्षकाचा अनुभव सारखा धरला, तर तोही अन्यायच ठरेल. कागदोपत्री अनुभव दाखवून मागच्या दाराने पदोन्नती घेण्याचे प्रकार रोखायलाही काहीतरी कसोटी हवी. पूर्ण पगार असेल तर काम पूर्ण वेळ असणार, हा त्यामागचा तर्क.

पण हा तर्क तासिकेच्या शिक्षकाला नीट लागू पडत नाही. नियमित सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष शिकवावं लागतं. तासिकेवरचा शिक्षक त्याच्या निम्मे तास शिकवत असेल, तर त्याची निम्मी वर्षं मोजता येतील. दोन वर्षांचं एक, असा हिशेब धरणं अवघड नाही. सध्याचा नियम मात्र सगळं किंवा काहीच नाही, असा आहे. आणि प्रत्यक्षात अनेकांच्या वाट्याला तासिकांखेरीज पेपर तपासणं, प्रकल्प, नॅकची फाइल, एनएसएसचं शिबिर हेही येतं. त्याची नोंद कुठल्याच बिलात नसते.

न्यायालयांनी काय म्हटलं आहे?

इथे दोन प्रश्न वेगळे ठेवायला हवेत. एक, नोकरी कायम करणं. दोन, समान कामाला समान वेतन.

पहिल्या प्रश्नावर १० एप्रिल २००६ चा सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाचा 'उमादेवी' निकाल आजही पाया मानला जातो. केवळ बरीच वर्षं काम केलं म्हणून कायम होण्याचा हक्क मिळत नाही, असं त्यात म्हटलं आहे.

दुसऱ्या प्रश्नावर न्यायालयाची भूमिका कर्मचाऱ्यांच्या बाजूने झुकलेली आहे. २६ ऑक्टोबर २०१६ रोजी पंजाबच्या एका प्रकरणात, तेच काम करणाऱ्या तात्पुरत्या कर्मचाऱ्यांनाही नियमित वेतनश्रेणीचं किमान वेतन मिळायला हवं, असं न्यायालयाने स्पष्ट केलं. २२ ऑगस्ट २०२५ रोजी गुजरातमधल्या कंत्राटी सहायक प्राध्यापकांच्या प्रकरणात न्यायालयाने हेच तत्त्व लावलं. सरकारी अभियांत्रिकी शिक्षणात हे शिक्षक महिन्याला ३०,००० रुपयांवर काम करत होते. त्यांना सहायक प्राध्यापकाच्या वेतनश्रेणीचं किमान वेतन आणि थकबाकी द्या, असा आदेश झाला. शिक्षकांना असं वागवायचं आणि समारंभात गुरूंचे श्लोक म्हणायचे, या विसंगतीवरही न्यायमूर्तींनी बोट ठेवलं.

हा निकाल तासिकेच्या शिक्षकांना जसाच्या तसा लागू होईल असं नाही. ते शिक्षक पूर्ण वेळ कंत्राटी होते, आणि निकाल वेतनाबद्दल आहे, पदोन्नतीसाठी सेवा मोजण्याबद्दल नाही. पण सेवा अडते ती पगाराच्या अटीपाशीच. त्यामुळे 'पगार कमी का दिला' हा प्रश्न जिथे जिथे जिंकला जाईल, तिथे 'वर्षं का मोजली नाहीत' हा पुढचा प्रश्न विचारायला जागा मिळेल.

नव्या मसुद्याने काय बदलेल?

६ जानेवारी २०२५ रोजी यूजीसीने नव्या नियमांचा मसुदा जाहीर केला. त्यावर सर्वाधिक वाद झाला तो कुलगुरूंच्या निवडीवरून. राज्यांचे अधिकार कमी होतात, असा आक्षेप दक्षिणेतल्या अनेक राज्यांनी घेतला. त्या गदारोळात शिक्षकांशी थेट संबंध असलेले दोन मुद्दे मागे पडले.

एक, संशोधनाचे गुण मोजण्याची सध्याची पद्धत काढून त्या जागी नऊ क्षेत्रांतलं 'उल्लेखनीय योगदान' पाहावं, असं मसुदा सुचवतो. निव्वळ गुणांसाठी पेपर छापण्याची शर्यत थांबेल, अशी आशा आहे. योगदान उल्लेखनीय आहे की नाही हे समिती ठरवणार, ही भीतीही आहे.

दोन, कंत्राटी नेमणुकांवरची १० टक्क्यांची मर्यादा मसुद्यात ठेवलेली नाही. तासिकेवरच्या शिक्षकांसाठी हा मुद्दा मोठा आहे. मर्यादा गेली आणि पगाराच्या अटीची अंमलबजावणी आजच्यासारखीच ढिली राहिली, तर न मोजल्या जाणाऱ्या वर्षांची संख्या वाढेल.

आणखी एक विसंगती इथे नोंदवायला हवी. २०२२ मध्ये यूजीसीने 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' ही सोय आणली. उद्योग, कला, प्रशासन अशा क्षेत्रांत १५ वर्षांचा अनुभव असलेल्या तज्ज्ञाला नेट किंवा पीएचडीशिवाय प्राध्यापक म्हणून नेमता येतं, जास्तीत जास्त चार वर्षांसाठी. कल्पना चांगली आहे. पण बाहेरच्या अनुभवाला दार उघडताना वर्गातल्या अनुभवाला खिडकीही न ठेवणं, हे विचित्रच.

मग थांबायचं की वाट बदलायची?

याचं एकच उत्तर नाही. पण काही गोष्टी नियमांवरूनच ठरवता येतात.

पाच वर्षांची रेघ. कॉलेजातल्या सहायक प्राध्यापकपदासाठी मुलाखतीला कुणाला बोलवायचं, याची गुणपद्धत २०१८ च्या नियमांत दिली आहे. त्यात शिकवण्याच्या अनुभवाला वर्षाला २ आणि जास्तीत जास्त १० गुण आहेत. म्हणजे तासिकेचा अनुभव पूर्ण धरला गेला, तरी सहाव्या वर्षापासून त्याने एकही गुण वाढत नाही. त्याच तक्त्यात पीएचडीला २५ गुण, जेआरएफला १०, नेटला ८, सेटला ५ आणि शोधनिबंधांना जास्तीत जास्त ६ गुण आहेत. पाच वर्षं झाल्यावर आणखी एक वर्ष तासिका घ्यायची, की ते वर्ष पीएचडी पूर्ण करायला द्यायचं, याचं उत्तर या तक्त्यातच आहे.

कागद आजच गोळा करायला हवेत. दरवर्षीचं नेमणूकपत्र, जाहिरातीचं कात्रण, विद्यापीठाच्या मान्यतेचं पत्र, बँकेतली मानधनाची नोंद आणि आठवड्याचे तास लिहिलेलं अनुभव प्रमाणपत्र. निवड समितीचं इतिवृत्त मिळत नसेल तर अनुदानित कॉलेजात माहिती अधिकाराखाली अर्ज करता येतो. दहा वर्षांनी प्राचार्य बदललेले असतात आणि फाइली सापडत नाहीत.

कायम नोकरी बदलताना. एका कॉलेजातून दुसरीकडे जाणाऱ्याने अर्ज आधीच्या संस्थेमार्फतच करावा. ना हरकत प्रमाणपत्राचा वाद टाळण्यासाठी परस्पर राजीनामा देऊन जाणाऱ्यांची नियमित सेवाही अडकू शकते. विनाअनुदानित संस्थेतून येताना पगार वेतनश्रेणीनुसार मिळत होता, हे दाखवणारी पगारपत्रकं हवीत. कॅसचा अर्ज देय तारखेच्या तीन महिने आधीपासून करता येतो, त्यासाठी कुणी बोलावण्याची वाट पाहायची नसते.

बाहेर पडणं म्हणजे हार नव्हे. प्रशिक्षण, अभ्यासक्रम तयार करणं, भाषांतर, माहितीचं विश्लेषण, बँकिंग किंवा स्पर्धा परीक्षा अशा वाटांवर दहा वर्षं वर्गात उभं राहिल्याचा उपयोग होतो. मात्र स्पर्धा परीक्षांना वयाची अट असते. म्हणून 'यंदा भरती निघेल' या आशेला एक तारीख लावून घेणं गरजेचं आहे. ती तारीख घरच्यांशी बोलून ठरवली, तर नंतरचा पश्चात्ताप कमी होतो.

प्रश्न एकट्याचा नाही

तासिकेवरच्या शिक्षकाला कायम करणं हा पैशांचा आणि भरतीचा प्रश्न आहे, तो एका दिवसात सुटणार नाही. पण त्याने शिकवलेली वर्षं तासांच्या प्रमाणात मोजण्यासाठी सरकारला लगेच तिजोरीवर मोठा भार घ्यावा लागणार नाही. त्यासाठी नियमातली एक अट बदलावी लागेल. यूजीसीचे नवे नियम अजून मसुद्याच्या रूपात आहेत, तोवरच ही मागणी पुढे रेटण्यात अर्थ आहे.

विद्यार्थ्यांच्या गुणपत्रिकेवर त्या वर्षांचा निकाल छापलेला आहे. त्यांना ज्यांनी शिकवलं, त्यांच्या सेवापुस्तकात मात्र ती वर्षं कोरी आहेत.